शक्तिमान पुन्हा येणार, पण कोणासाठी?



परवाच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर येथे बागलीस देवळाच्या अंगणात तीन-चार गृहस्थ मोठ्या हिरिरीने वाद घालीत उभे होते. सारे चाळिशीच्या आसपासचे, लेकुरवाळे, शेतीभाती सांभाळणारे. सोयाबीनच्या भावावरून काही बिनसले असावे, असे समजून आम्ही जवळ गेलो. पाहतो तो काय, वाद चालला होता शक्तिमानाविषयी!

एक म्हणत होता, "मुकेश खन्ना नाहीत, तर शक्तिमान नाही." दुसऱ्याचे उत्तर, "अहो, त्यांनी आता उडायचे म्हणजे आजोबांना चिंचेवर चढविण्यासारखे आहे." तिसऱ्याला नवा नट चालत होता, मात्र गंगाधराचा चष्मा आणि पुढे आलेले दात तसेच राहिले पाहिजेत, ही त्याची अट होती.

ज्या वडीलधाऱ्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. 'शक्तिमान' ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २००५ साली संपली. वर्तमानपत्रासाठी छायाचित्रे काढणारा बावळट गंगाधर संकटसमयी गिरक्या घेत शक्तिमान होई आणि अंधाराचा उपासक किलविष याच्याशी झुंजे. पुढे या वीराची व्यंगचित्र-मालिकाही निघाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने जुने भाग पुन्हा दाखविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने चित्रपटाची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये, त्या भूमिकेसाठी रणवीर सिंग यांचे नाव घेतले जात असता, खन्ना यांनी जाहीर विरोध केला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ६६ व्या वर्षी, स्वतः तो पोशाख चढवून शक्तिमान परतत असल्याचे सांगितले. त्यावरून एकेकाळच्या बालप्रेक्षकांत तट पडले. त्यांपैकीच एक आमच्या कडुलिंबाखाली उभा होता.

बाप झालेल्या माणसांनी असल्या पोरखेळावरून भांडावे, याचे कोणास हसू येईल. आम्ही हसलो नाही. मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही शाळा संपवीत होतो. गावात दूरदर्शनचे संच मोजके. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणावी आणि एका खोलीत चाळीस डोकी दाटीने बसावीत. ज्याच्या घरी संच, त्याच्याशी आठवडाभर भांडण करण्याची कोणाची छाती नव्हती! शक्तिमान जिंकला की सारी खोली एकदम टाळ्या पिटी. ही माणसे जे परत मागत आहेत ते केवळ त्या उडणाऱ्या वीराला नव्हे. ती दाटीची खोली त्यांना हवी आहे. आणि ती कोणतीही चित्रपट कंपनी परत देऊ शकत नाही.

मालिकेचे दोषही आम्ही विसरलो नाही. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर काही मुलांनी जिवावर बेतणारी साहसे केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या, आणि अशी नक्कल करू नका म्हणून मुलांना बजावावे लागले होते. परंतु एक गोष्ट तिच्या बाजूने अवश्य सांगितली पाहिजे. भाग संपता संपता शक्तिमान मुलांना लहानसहान चुका दाखवून देई: कचरा कोठेही टाकणे, दात न घासणे, खोटे बोलणे. मग चुकलेले मूल त्याची क्षमा मागे. डोंगर उचलणाऱ्या वीरापेक्षा 'माझे चुकले' म्हणणारे ते पोर आम्हांस अधिक धीट वाटे.

हे आम्ही बोलून दाखविले, तेव्हा खन्नांचा कैवारी एकाएकी गप्प झाला. इतर पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "फादर, एक सांगू का? टाळेबंदीत मी मुलाला मुद्दाम जवळ बसवून शक्तिमान दाखविला. सहा वर्षांचा होता. शक्तिमान उडू लागला तसा तो खदखदा हसला. 'पप्पा, हे किती खोटे दिसते!' म्हणाला. मला असा राग आला की मी संच बंद केला आणि त्याला उठवून लावले. त्यानंतर आम्ही दोघे एकत्र बसून काही पाहिलेच नाही."

तो मुलगा आता मोठा झाला आहे. आम्ही वळून पाहिले. देवळाच्या पायरीवर तो एकटाच मोबाइलात डोके घालून बसला होता. त्याचे हसणे हा काही अपराध नव्हता. आजची चित्रे पाहिलेल्या डोळ्यांना १९९७ ची करामत कच्ची दिसणारच. दुखावले ते बापाचे बालपण, आणि शिक्षा झाली ती मुलाच्या बालपणाला.

वाचकहो, आपल्या लहानपणी जे आवडले ते मुलांना दाखवावे, यात गैर काही नाही. परंतु ते त्यांनाही आवडलेच पाहिजे, हा हट्ट बरा नव्हे. ती हसली तर आपणही हसावे. मग बॅटरीची, त्या खोलीची, शेजारच्या काकूने वाटलेल्या शेंगदाण्यांची गोष्ट सांगावी. मुले चित्राला हसतील, पण बापाची गोष्ट कान देऊन ऐकतील. आणि एखादे वेळी त्यांचा आवडता वीर कोण, हे विचारून त्यांच्याही शेजारी जाऊन बसावे.

त्या गृहस्थाला आम्ही एवढेच म्हणालो, "शक्तिमान कोणी व्हावे हे मुंबईवाले ठरवतील. 'माझे चुकले' हे मात्र तुम्हालाच म्हणावे लागेल." तो काही बोलला नाही. पायरीपाशी जाऊन मुलाच्या शेजारी टेकला. पुढे काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. ऐकण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता.