मोटर जळली म्हणून विहीर बुजवत नाहीत

मामाचा फोन आला तेव्हा मी परसोडीच्या आयटी पार्कसमोर तर्री-पोहा खात उभा होतो. मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. फोनवर इकडचं-तिकडचं बोलण्याची त्याला सवय नाही. थेट म्हणाला, "बाबू, लॅपटॉपाची एक्स्पायरी किती सालाची रायते?"

मी हसलो. तो हसला नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये शाळा फोनवर भरत होत्या. माझी मामेबहीण तेव्हा नववीत होती आणि घरातला एकुलता स्मार्टफोन मामासोबत बागेत जायचा. म्हणून मामाने बत्तीस हजारांचा लॅपटॉप घेतला. आज ती नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बटण दाबल्यापासून लॅपटॉप हाताशी यायला सहा मिनिटं लागत होती. कॉलेजच्या एका ऑनलाइन चाचणीत पान उघडेपर्यंतच बारा मिनिटं गेली, आणि ते मार्क काही कोणी परत देत नाही. ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरच्या माणसाने झाकण न उघडताच निदान केलं, "पाच साल हो गये, इसकी लाइफ खतम. बाहर का पार्ट डालोगे तो वॉरंटी जायेगी."

जी वॉरंटी जाईल म्हणून भीती घातली, ती २०२१ मध्येच संपली होती.

मामाने तोवर नव्या लॅपटॉपची चौकशी करून टाकली होती. पंचावन्न हजार, बारा हप्ते. फळगळीमुळे आंबिया बहाराच्या पैशाला आधीच कात्री लागलेली. तरी तो हप्ते घ्यायला तयार होता, कारण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता आणि समोरचा माणूस कंपनीचा टी-शर्ट घालून बोलत होता.

हा लेख त्या काउंटरवरच्या पोरावर नाही. त्याला जे बोलायला शिकवलं ते तो बोलला. माझा राग त्याला शिकवणाऱ्यांवर आहे, आणि थोडा आपल्यावर, म्हणजे संगणक कळतो म्हणून पगार घेणाऱ्यांवर.

आधी आजार नीट समजून घेऊ. तुमच्याकडे असा लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा: प्रोसेसर वीस टक्क्यांवर निवांत बसलेला असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर लाल झालेली असते. त्या डिस्कच्या आत एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे सेकंदाला ९०, एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्यात सुईचा दांडा योग्य जागी सरकायचा वेळ धरा. विखुरलेल्या फाइली वाचायच्या असतील तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनं झाली तरी खूप. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली मागते. त्यात रॅम ४ जीबी. ती भरली की उरलेलं सामान सिस्टीम त्याच डिस्कवर नेऊन टाकते. बैल एकच, त्यालाच नांगर आणि त्यालाच बंडी.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. हवं ते साधारण दशांश मिलिसेकंदात हाती येतं. साधी साटा एसएसडीसुद्धा अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. हा फरक तरुण-म्हाताऱ्याचा नाही. पाच वर्षांत त्या लॅपटॉपचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर म्हातारा झालेला नाही. त्याला पहिल्या दिवसापासून लंगड्या सोबत्याच्या पायाला बांधलं होतं, एवढंच.

आता विचारा, २०२० साली असं कोण विकत होतं? एसएसडी तेव्हा काही नवलाई नव्हती. पण दुकानातल्या स्टिकरवर '१ टीबी' हा आकडा '२५६ जीबी'पेक्षा भारी दिसतो. मामासारखा माणूस आकडे बघूनच माल घेतो, खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ बघून घेतो तसा. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोठा आकडा आणि मंद डिस्क दिली, आणि पाच वर्षांनी त्याच मंदपणाचं नाव 'वय झालं' असं ठेवलं.

'बाहेरचा पार्ट' या शब्दाने तर माझं डोकंच उठतं. फ्लॅश मेमरीच्या चिप बनवणारे जगात मोजके: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क, अशी हाताच्या बोटांवर येणारी यादी. बहुतेक लॅपटॉप कंपन्या स्वतः चिप बनवत नाहीत, यांच्याकडूनच विकत घेतात. म्हणजे 'ओरिजिनल' पार्टसुद्धा बाहेरचाच असतो, फक्त तो त्यांच्या हातून आला की सोवळ्यातला, आणि आपण बर्डीवरून आणला की ओवळ्यातला. बरं, नावाजलेल्या कंपन्यांच्या एसएसडीवर तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी मिळते. अख्ख्या लॅपटॉपवर मिळते एक वर्ष. कोणाचा कोणावर जास्त विश्वास आहे ते बघा.

ही अडवणूक कधीकधी सॉफ्टवेअरमधून होते, आणि ती दिसतही नाही. एसएसडीला 'ट्रिम' नावाचा निरोप लागतो. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा सिस्टीम आपल्या वहीतून नाव खोडते, पण डिस्कला ते कळत नाही. ती तो कचरा जपून ठेवते आणि हळूहळू लिहिताना अडखळायला लागते. ट्रिम म्हणजे "ही जागा रिकामी झाली" एवढंच सांगणं. विंडोज ७ ने २००९ मध्ये हा निरोप द्यायला सुरुवात केली, एसएसडी कोणत्या कंपनीची हे न विचारता. ॲपलने मात्र मॅकमध्ये तो स्वतः पुरवलेल्या एसएसडींपुरताच ठेवला. लोकांनी बाहेरची एसएसडी टाकून जुगाडाने ट्रिम चालू केलं, तर २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीत सुरक्षेच्या नव्या नियमाने तो जुगाडही अडला. शेवटी २०१५ च्या जूनमध्ये ॲपलने स्वतःच 'ट्रिमफोर्स' नावाची आज्ञा दिली. ती चालवली की माहिती जाऊ शकते, जबाबदारी तुमची, असा दम आधी वाचावा लागायचा. जे काम दुसरीकडे सहा वर्षं मुकाट्याने चाललं होतं, त्यासाठी इथे हमीपत्र. पुढे त्यांनी बऱ्याच मॉडेलांत एसएसडी बोर्डावरच झाळून टाकली आणि वादच मिटवला.

आपल्याकडे या प्रश्नावर कोणी बोललंच नाही असं नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या मेकॅनिकला मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द, हाच त्यातला झगडा. कंपन्या अपिलात गेल्या, ते आलंच. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, असे चार विभाग. पोर्टलवर कंपन्यांचे फोन नंबर आहेत. म्हणजे फिरून तोच काउंटर.

मामाला मी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "मामा, बागेतली मोटर किती वेळा जळली?"

"मोजली कोनं?" तो म्हणाला. "वोल्टेज खाली-वर झालं का जळते. वायंडिंग करून आनतो."

"कंपनीतून?"

"काटोलातून. कंपनी काहून?"

वीस वर्षांत त्या मोटरीची गुंडाळी कितीदा बदलली, बेअरिंग बदललं, स्टार्टर बदलला. मोटरीची लाइफ संपली असं त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने त्याला बांधावरून खाली उतरवलं असतं. तोच माणूस लॅपटॉपपुढे गप्प झाला, कारण झाकणाच्या आत काय आहे हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि दाखवू शकणारा भाचा शहरात बसून स्वतः दर तीन वर्षांनी फोन बदलत होता.

आपल्या ऑफिसातही हेच. माझा एक सहकारी म्हणाला, "अबे, पाच वर्षं वापरला ना, वसूल झाला. नवा घ्यायला सांग." त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप कंपनीचा. तीन-चार वर्षं झाली की तो परत जातो आणि नवा येतो. बिल कोण भरतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून सगळ्या जगाचे लॅपटॉप असेच बदलतात असं वाटायला लागतं. ते परत गेलेले लॅपटॉप पुढे कुठे जातात? पुसून, बऱ्याचदा नवी एसएसडी घालून, 'रिफर्बिश्ड' म्हणून विकायला येतात आणि आणखी चार-पाच वर्षं चालतात. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातात तो जिवंत आणि मालकाच्या हातात मेलेला.

एसएसडीने सगळं सुटतं असं नाही. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचे लॅपटॉप कितीही पळाले तरी मोजके अपवाद सोडून त्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यांच्यासाठी लिनक्स हा चांगला रस्ता आहे, पण कॉलेजच्या सॉफ्टवेअरला तो चालेलच असं नाही. बाजारात नकली मालही आहे. दोन हजारांत 'सोळा टीबी'ची पोर्टेबल एसएसडी दिसली तर आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. हात जोडा आणि पुढे चला. पक्कं बिल घ्या, आणि डेटाची दुसरी प्रत काढल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. बाहेरच्या पार्टला विरोध करणारे हेच धोके पुढे करतात. पण नकली बेअरिंग मिळतं म्हणून मोटर फेकायची, असं कोणी म्हणत नाही.

घाईही आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की तुमच्या-माझ्यासारख्यांना क्रुशल या नावाने रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा ते बंद करणार, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी जास्त महत्त्वाची. लॅपटॉपात जान घालणारा हा स्वस्त तुकडा असाच स्वस्त राहील असं धरून चालू नका.

दिवाळीत बहीण लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीवर आली. मी तिच्याच हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. खालची पाटी निघाली आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. हार्ड डिस्कच्या शेजारी एम.२ ची खाच होती, एसएसडी बसवायची. रिकामी. पाच वर्षं कोरी, धूळसुद्धा नीट न बसलेली. सर्व्हिस सेंटरने एकदा झाकण उघडलं असतं तर दिसली असती.

"दादा, म्हणजे हे आधीपासून होतं?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

५०० जीबीची एसएसडी साडेतीन हजारांच्या आत आली. रॅमची एक खाच रिकामी होती, तिथे ४ जीबी बसवली. एसएसडी खाचेत सरकवली, पण तिचं दुसरं टोक वर उचललेलंच राहिलं. ते दाबून धरणारा इवलासा स्क्रू कंपनीने दिलाच नव्हता. रिकाम्या खाचेला स्क्रू कशाला?

आम्ही बर्डीवर गेलो. एका जिन्याखाली टेबलभर जागेत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या काकांना खाच दाखवली. त्यांनी श्रीखंडाच्या जुन्या डब्यातले सगळे स्क्रू टेबलावर ओतले, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने चाळत बसले. चौथा स्क्रू बरोबर बसला. पैसे विचारले तर म्हणाले, "स्क्रूचे काय पैसे घेऊ, पोरी. चालू करून दाखव."

तिने बटण दाबलं. नवीन विंडोज मी आदल्या रात्रीच टाकून ठेवलं होतं, बोटाने टोक दाबून धरून. काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर यायच्या आत लॅपटॉप पासवर्ड मागत होता.