परभाषेचा ताणा

परभाषा शिकण्यास निघालेल्या माणसाच्या हाती प्रथम काय द्यावे, याविषयी जाणत्यांत फार दिवसांपासून मतभेद आहे. कोणी म्हणतात, व्याकरण द्यावे. कारण व्याकरण हा भाषेचा पाया होय. कोणी म्हणतात, शब्द द्यावेत. कारण शब्दांवाचून माणूस बोलणार काय? दोन्ही पक्षांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तथापि नियम पाठ असूनही तोंड न उघडणारे आणि शेकडो शब्द ठाऊक असूनही एक धड वाक्य न जुळवू शकणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेत आढळतात. याचा अर्थ असा की, नियम आणि शब्द यांच्या दरम्यान आणखी काहीतरी असते व त्याकडे दुर्लक्ष होते. ते म्हणजे वाक्याचा साचा. परभाषेच्या अभ्यासाचा आरंभ या साच्यापासून व्हावा, हेच अधिक श्रेयस्कर होय.

ही गोष्ट पटण्यासाठी फार दूर जावयास नको. धाराशिव जिल्हा हा भाषांच्या सीमेवर वसलेला आहे. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. तुळजापूरला भवानीमातेच्या दर्शनास महाराष्ट्राइतक्याच भक्तिभावाने कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र येथील यात्रेकरू येतात. आश्विनातील पौर्णिमेला तर कर्नाटकातील भाविकांचे थवेच्या थवे पायी चालत येतात. तेथे परडी, कवड्यांची माळ, हळदकुंकू आणि बांगड्या विकणाऱ्या माणसाला कन्नडचे व्याकरण कोणी शिकविलेले नसते. तरीही गिऱ्हाइकाची भाषा त्याला बोलता येते. ती त्याला कशी आली?

गिऱ्हाईक म्हणते, “ननगे नीरु बेकु.” विक्रेता जाणतो की, याला पाणी पाहिजे आहे. दुसरे म्हणते, “ननगे बळे बेकु.” हिला बांगड्या पाहिजेत. तिसरे म्हणते, “ननगे हूवु बेकु.” याला फूल हवे. तीन वाक्यांत पहिला आणि शेवटचा शब्द तोच राहिला, केवळ मधला पालटला. ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ आणि ‘बेकु’ म्हणजे ‘पाहिजे’, हे कोणी न सांगता उमगले. पुढे ‘बेकु’च्या जागी ‘बेड’ ऐकू आले, तेव्हा ‘नको’ म्हणण्याची रीतही हाती आली. चार शब्द शिकून माणसाला चार वस्तूंची नावे कळली असती. एक साचा शिकून त्याला बाजारातील प्रत्येक वस्तू मागता येऊ लागली.

विणकराच्या मागाशी याची तुलना करता येईल. मागावर उभे धागे आधी ताणून बसवितात; त्यांना ताणा म्हणतात. त्यांतून आडवे धागे फिरतात, तो बाणा. ताणा एकदा बसला की बाण्याचा रंग वाटेल तितक्या वेळा बदलता येतो. परंतु ताण्यावाचून रंगीत सुताच्या कितीही गुंड्या जवळ असल्या, तरी त्यांचे वस्त्र होत नाही. वाक्याचा साचा हा भाषेचा ताणा आहे आणि शब्द हा बाणा आहे.

साचे शिकताना आणखी एक नवल दृष्टीस पडते. ‘मला पाणी पाहिजे’ असे मराठी म्हणते. हिंदी व उर्दू म्हणते, ‘मुझे पानी चाहिए’. कन्नड म्हणते, ‘ननगे नीरु बेकु’ आणि तेलुगू म्हणते, ‘नाकु नीळ्ळु कावालि’. मराठी, हिंदी व उर्दू एका कुळातील. कन्नड आणि तेलुगू द्राविड कुळातील. शब्द निराळे, लिप्या निराळ्या. पण चारही ठिकाणी मागणारा ‘ला’सारख्या प्रत्ययाने येतो आणि क्रियेचा शब्द अखेरीस बसतो. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या लोकांनी एकमेकांच्या अंगणातून केवळ शब्दच नव्हे, तर वाक्यांची वळणेही नेलेली दिसतात. शब्दकोशात हे नाते दिसत नाही. ते साच्यातच दिसते.

शेजारच्या भाषेचे ठीक, परंतु जिचा आपल्याशी काही संबंध नाही, अशा भाषेचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. म्हणून युरोपच्या उत्तर टोकाकडील फिनिश भाषेचे उदाहरण घ्यावे. ही भाषा सुमारे ५० लाख लोकांची आहे. इंग्रजी, जर्मन किंवा संस्कृत यांच्या कुळाशी तिचे नाते नाही. एस्टोनियन आणि हंगेरियन या तिच्या नातलग भाषा. तिच्यात १५ विभक्ती आहेत, एवढे ऐकूनच पुष्कळांचे धैर्य खचते. पंधरा विभक्तींचा तक्ता पुढे ठेवला, तर मुलाने पुस्तक मिटून ठेवावे, यात आश्चर्य नाही.

परंतु तेच साच्याने शिकून पाहावे. फिनिश माणूस म्हणतो, “मिनुल्ला ओन किर्या,” म्हणजे ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’. “सिनुल्ला ओन किर्या,” म्हणजे ‘तुझ्याजवळ पुस्तक आहे’. “मिनुल्ला ओन कोइरा,” म्हणजे ‘माझ्याजवळ कुत्रा आहे’. इंग्रजीत येथे ‘आय हॅव’ असे स्वतंत्र क्रियापद लागते; फिनिशमध्ये तसे क्रियापदच नाही. मराठीप्रमाणे तीही ‘माझ्याजवळ’ म्हणते आणि ‘आहे’ म्हणते. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. ज्या मुलाच्या तोंडी ‘घर, घरात, घरातून’ असे शब्द जन्मापासून आहेत, त्याने या विभक्तींना का भ्यावे? फिनिशमध्ये ‘कातु’ म्हणजे रस्ता. पण ‘रस्त्यावर’ म्हणताना ‘कादुल्ला’ असे होते, म्हणजे मूळ शब्दाचे अंग किंचित पालटते. मराठीतही ‘रस्ता’ला ‘वर’ जोडताना ‘रस्तावर’ होत नाही, ‘रस्त्यावर’ होते. आपल्या व्याकरणात यालाच सामान्यरूप म्हणतात. इंग्रजीच्या वाटेने फिनिशकडे जाणाऱ्याला जो घाट चढावा लागतो, त्याचा काही भाग मराठी मुलाने न कळत आधीच चढलेला असतो.

अर्थात साम्याने भुलून जाऊ नये. ‘माझ्याजवळ पुस्तक नाही’ असे म्हणताना मराठीत ‘पुस्तक’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. फिनिशमध्ये “मिनुल्ला एइ ओले किर्याआ” असे म्हणावे लागते. नकार येताच पुस्तकाचेही रूप बदलते. म्हणून होकाराचा साचा आणि नकाराचा साचा निरनिराळा घोकला पाहिजे. उच्चाराचेही तसेच. ‘तुलि’ म्हणजे विस्तव, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात! ऱ्हस्वदीर्घाकडे आणि जोडाक्षराकडे दुर्लक्ष करणारा वारा आला म्हणावयास जाऊन विस्तव आला म्हणून बसेल. साचा डोळ्यांनी वाचून भागत नाही. तो कानांनी ऐकून मोठ्याने म्हणावा लागतो.

ही पद्धती आजची नव्हे. हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाने १९१६ मध्ये शंभर तक्त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक तक्त्यात वाक्याचा एक साचा ठेवून शब्द पालटण्याची सोय होती. १९५४ मध्ये हॉर्नबी यांनी इंग्रजीच्या साच्यांचा विस्तृत ग्रंथ लिहिला. हैदराबाद येथे १९५८ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि त्या काळात आपल्या शाळांतूनही वाक्यरचनांच्या क्रमाने इंग्रजी शिकविण्याचा विचार पसरला. त्यापूर्वी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या होत्या. फलटण येथे राहून मराठीशी एकरूप झालेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्या साहाय्याने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची जी पुस्तके तयार केली, त्यांतही वाक्यरचनांना महत्त्वाचे स्थान आहे.

ते का द्यावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘तिने आंबा खाल्ला’ आणि ‘तिने पोळी खाल्ली’ या वाक्यांत खाणारी तीच. तरी क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागे गेले. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ लेखणी आहे’ आणि ‘त्याच्या अंगात ताप आहे’, या तिन्ही ठिकाणी इंग्रज एकच क्रियापद वापरू शकतो. मराठी तीन वाटांनी जाते. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. म्हणून मराठी बोलू पाहणारा कन्नड भाषक ‘तो पोळी खाल्ला’ असे म्हणून जातो. त्याला हसणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, तो अडाणी नाही. आपल्या भाषेच्या मागावर तो मराठी सूत चढवीत आहे. इंग्रजी बोलताना आपणही नेमके हेच करीत असतो.

साचे पाठ केल्याने पोपट तयार होतात, असा या पद्धतीवर आक्षेप आहे. तो खोटा नाही. वर्गाने एका सुरात पन्नास वेळा एकच वाक्य म्हणावे आणि कोणालाही त्याचा अर्थ उमगू नये, असे प्रकार घडलेले आहेत. परंतु हा दोष साच्याचा नसून साच्यात स्वतःचा शब्द घालू न देण्याचा आहे. पोपट शिकविलेले वाक्य म्हणतो. मूल त्या वाक्यातील एक शब्द काढून तेथे आपल्या मनातील शब्द ठेवते. त्या क्षणी पाठांतर संपते आणि भाषा सुरू होते. म्हणून शिक्षकाने साचा द्यावा, पण मधली जागा विद्यार्थ्यासाठी मोकळी सोडावी. व्याकरणालाही निरोप देण्याचे कारण नाही. दहाबारा साचे जिभेवर खेळू लागले म्हणजे ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उठतो. व्याकरण हे त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून यावे. प्रश्नाआधी आलेले उत्तर कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

या विचाराचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासाच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्यासाठी जे जिल्हे निवडले, त्यांत या जिल्ह्याचा समावेश झाला. येथील कित्येक कुटुंबे दर हंगामात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा घरातील मुलाच्या मनात, परभाषा ही शहरातील आणि श्रीमंतांच्या मुलांची वस्तू आहे, असा समज घर करून असतो. इंग्रजीच्या तासाला चूक झाली की वर्ग हसतो, आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. हे मौन दारिद्र्याहून कमी हानिकारक नाही. याच मुलाने कारखान्याच्या तळावर सहज उचललेली पाच कन्नड वाक्ये कोणी विद्या म्हणून मोजीत नाही. वस्तुतः परभाषा शिकण्याची खरी रीत त्याला त्याच वेळी साधलेली असते. शिक्षकाने ती ओळखली आणि ‘जे कन्नडला केलेस तेच इंग्रजीला कर’ एवढे सांगितले, तर त्याचे भय निम्मे ओसरेल.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. एवढ्या मोठ्या भाषेच्या लेकरांनी कोणत्याही परभाषेपुढे बिचकण्याचे कारण नाही. तसेच लहान भाषेला तुच्छ लेखण्याचेही नाही. मातृभाषेचा ताणा ज्याच्या मनात घट्ट बसलेला आहे, त्याला दुसऱ्या भाषेचा ताणा कोठे मिळतो आणि कोठे निराळा पडतो, हे लवकर उमगते. म्हणून मराठी उत्तम जाणावी, आणि मग शेजाऱ्याची असो वा सातासमुद्रांपलीकडची, नवी भाषा एका लहानशा, पूर्ण आणि खऱ्या वाक्यापासून सुरू करावी. ते वाक्य पाणी मागण्याचे असले तरी चालेल. तहान कोणत्याही भाषेत समजते.