शार्लटची बाही आणि काकांची कॉलर: एडिट केलेल्या फोटोत नेमकं काय हरवतं?

१० मार्च २०२४ ला ब्रिटनमध्ये मदर्स डे होता. त्या दिवशी केन्सिंग्टन पॅलेसने केट मिडलटन आणि त्यांच्या तीन मुलांचा फोटो जाहीर केला. जानेवारीतल्या शस्त्रक्रियेनंतर केट फारशा कुणाला दिसल्या नव्हत्या, त्यामुळे फोटो जगभर फिरला. पण त्याच दिवशी एपी, रॉयटर्स, एएफपी यांसारख्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला! कारण काय, तर छोट्या शार्लटच्या बाहीची कड मध्येच तुटली होती. दुसऱ्या दिवशी केट यांनी माफी मागितली. हौशी फोटोग्राफर करतात तसे एडिटिंगचे प्रयोग आपणही करतो, असं त्या म्हणाल्या.

सोशल मीडियावर लोक हसले. मला मात्र आमचे काका आठवले.

आधी लेअर म्हणजे काय ते बघू. फोटोवर एक पारदर्शक काच ठेवा आणि रंग त्या काचेवर लावा. काच उचलली की खालचा फोटो जसाच्या तसा. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ मध्ये, ३.० आवृत्तीत आली. आज फोनवरच्या कितीतरी अ‍ॅपमध्येही ती आहे. मास्क लावला की लेअरचा हवा तेवढाच भाग दिसतो. मल्टिप्लायसारख्या इफेक्टने वरचा थर खालच्यात मिसळून फोटो गडद होतो. काहीही बिघडलं तरी मागे येता येतं.

पण हे सगळं कधीपर्यंत? जेपीजी बनवेपर्यंत. जेपीजीमध्ये सगळे थर दाबून एकच होतात. मग काय बदललं हे सांगायला फक्त मूळ फोटो उरतो. पॅलेसने नेमका तोच द्यायला नकार दिला.

माझ्या मते खरी चूक इथे झाली. नुसती बाही चुकली असती तर लोक विसरले असते. नंतर एएफपीच्या बातमी प्रमुखांनी पॅलेसला आता विश्वासार्ह स्रोत मानत नसल्याचं उघडपणे सांगितलं. २२ मार्चला केट यांनी स्वतः व्हिडिओतून कॅन्सरची बातमी दिली, तर काहींनी तो व्हिडिओही एआयने बनवलाय असं म्हटलं. इतक्या गंभीर आजाराची खरी बातमीसुद्धा लोकांना खोटी वाटावी, ही किंमत फार मोठी आहे.

आता माझी गोष्ट. आत्येबहिणीच्या साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत काकांचे डोळे मिटले होते. मी दुसऱ्या शॉटमधला त्यांचा चेहरा आणून बसवला, जेपीजी केली आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून दोन्ही मूळ फोटो उडवले. घरात सगळे खूश. गेल्या वर्षी काका गेले. भिंतीवर लावायला काकूंनी तोच फोटो मोठा करून मागितला. मोठा केल्यावर कॉलरजवळचा जोड दिसायला लागला. काकूंनी तिथे बोट ठेवून विचारलं, "हे असं का दिसतंय रे?"

माझ्याकडे दाखवायला मूळ फोटोच नव्हता.

म्हणून प्रयोग बिनधास्त करा, फक्त तीन सवयी लावून घ्या. मूळ फोटोला हात न लावता त्याच्या कॉपीवर काम करा. लेअरवाली फाइल वेगळी सेव्ह करा, जेपीजी फक्त पाठवण्यासाठी. आणि फोटोत माणूस किंवा प्रसंग बदलला असेल, तर शेअर करताना एका ओळीत तसं सांगा. डोळे मिटलेले का होईना, मला आज काकांचा तो खरा फोटो हवा आहे.