विमा कंपनीचाही विमा असतो, पण भरपाईची जबाबदारी कंपनीचीच

पुणे : पीक विम्याची भरपाई रखडली की गावोगावी एकच प्रश्न निघतो, भरलेला हप्ता गेला कुठं? त्यातला काही भाग जातो पुनर्विम्याला.

पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीनं स्वतःसाठी काढलेला विमा. एकाच पावसानं दहा तालुके झोडपले तर तो बोजा एकट्या कंपनीला झेपत नाही. म्हणून ती हप्त्यातला वाटा पुनर्विमा कंपनीला देते आणि तेवढी जोखीम तिच्यावर टाकते. मुंबईतली सरकारी 'जीआयसी री' ही अशीच कंपनी. सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठरावीक वाटा तिला द्यावाच लागतो. 2022-23 पासून तो 4 टक्के आहे. या साऱ्यावर देखरेख विमा नियामक 'इर्डा'ची.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढंच आहे. त्याचा करार पुनर्विमा कंपनीशी नसतो, विमा कंपनीशी असतो. त्यामुळं 'आमचे वरून पैसे आले नाहीत' ही सबब चालत नाही. योजनेच्या नियमात उशिरासाठी 12 टक्के व्याजाची तरतूदही आहे.

मात्र सरकारनं हप्त्यातला आपला हिस्सा वेळेवर दिला नाही, तरीही भरपाई अडकते. तिथं जाब सरकारलाच विचारावा लागतो.

2020 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारनंच जोखमीचा वाटा उचलला. हप्ता 100 कोटी जमला आणि भरपाई 130 कोटी निघाली, तर कंपनीनं 110 कोटी द्यायचे, वरचे 20 कोटी सरकारनं. भरपाई 50 कोटीच निघाली, तर कंपनीनं 20 कोटी ठेवून 30 कोटी सरकारला परत करायचे. हाच 'बीड पॅटर्न' 2022 मध्ये राज्यभर लागू झाला. म्हणजे मोठ्या नुकसानीत कंपनीमागं सरकारी तिजोरी उभी होती.

एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपातल्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. म्हणून आपल्या मंडळात प्रयोग होताना हजर राहा, पावती जपून ठेवा. तक्रार 14447 वर नोंदवा आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तिथं दाद लागली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती आहे. राज्यातल्या योजनेचं काम पुण्याच्या कृषी आयुक्तालयातून चालतं, पण पुराव्याची सुरुवात गावातूनच होते.