लिंबूटिंबूंची बाजू

घरच्या कार्यक्रमाला गळ्यात शिट्टी अडकवून येणाऱ्या माणसाला जेवू घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग तो भाचेजावई का असेना.

हल्ली आमच्या नंदुरबारकडे चार नातेवाईक जमले की स्पर्धा भरते. हिवाळ्यातली भरीत पार्टीच घ्या. परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत कळण्याची भाकरी नि ठेचा, आणि भूक लागेपर्यंत विटीदांडू. बस्स. आता त्याला ‘कौटुंबिक विटीदांडू चषक’ म्हणतात! चुन्याच्या रेघा काय, बाद फेरी काय, गुणफलक काय! यंदा तर वयाची अटही होती, आठ ते साठ. त्यामुळे सहा वर्षांचा पुतण्या आणि एकोणऐंशी वर्षांची मावशी हे दोघे नियमाप्रमाणे प्रेक्षक झाले. मावशी दर दहा मिनिटांनी विचारायची, “मना डाव कव्हय येई रे?” आणि भाचेजावई म्हणायचे, “मावशी, तुम्ही जरा रेघेच्या मागं सरका.” विटीचं अंतर त्यांनी टेपने मोजलं. वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी आख्ख्या घरात एकट्या मावशीला तोंडपाठ. तिला कुणी विचारलं नाही.

माझा सवाल एवढाच की, आपला लिंबूटिंबू गेला कुठे? लहान पोर, म्हातारं माणूस, लंगडणारा पाहुणा, सगळे पूर्वी लिंबूटिंबू म्हणून खेळात असत. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, पण डाव मिळतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे खाते पहिल्या दिवसापासून बुडीत. वसुलीची आशा नाही, तरी पासबुक द्यायचे. इतकी उदार योजना आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही. ती आपल्या पोरांना सुचली होती, आणि आपण मोठ्यांनी ती बंद केली.

“म्हणजे नियमच नकोत की काय?” असे भाचेजावई विचारतात. हवेत ना! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोला नियम बांधून दिले नसते, तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक तरी कसा झाला असता? तिथे आपले पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी स्वतः काउंटरवर पेढे वाटले. पण ते मैदान होते. हे परस आहे. तिथे एका बाजूला वांगी भाजतायत.

साहेबाच्या देशात काय झालं पाहा. क्रोके नावाचा एक खेळ तिकडे होता. हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू कमानीतून ढकलायचा. आत्याबाईंनाही जमेल असा. विंबल्डनचा क्लब 1868 मध्ये निघाला तो याच खेळासाठी. मग हिरवळीच्या रोलरच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून 1877 मध्ये त्यांनी टेनिसची स्पर्धा भरवली. झालं! विंबल्डन म्हटलं की आज क्रोके कुणाला आठवतो? पुढे 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रोकेलाही जागा मिळाली, तर तिकीट काढून एकच प्रेक्षक आला, असे सांगतात. निदान तो स्वखुशीने आला होता. मावशीला आम्ही नियमाने बसवली.

दुसरा मुद्दा असा येतो की, पोरांना हरायची सवय लागली पाहिजे. अहो, शाळा आहे, क्लास आहे, प्रवेशपरीक्षा आहे, पुढे नोकरी आहे. हरायला वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मोकळे ठेवलेच आहेत की!

तेव्हा पुढच्या हिवाळ्यात पहिला डाव मावशीचा, दुसरा पुतण्याचा, हे मी घरात जाहीर केले आहे. चषक नाहीत. यंदाच्या तीन चषकांच्या पैशांत वांगी किती आली असती याचा हिशेब मी मांडून ठेवला आहे. भाचेजावयांनी कधीही येऊन तपासावा.