तिसाव्या वर्षापर्यंतची भाकरी

परवा एक जुने स्नेही मुलीला घेऊन घरी आले. मुलगी यंदा बी. ए. झाली. नोकरी नको, गाणेच करायचे, असा तिचा हट्ट.

"प्रोफेसरसाहेब, तुम्हीच हिची समजूत घाला. गाण्याने का कुठे पोट भरते?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. मला एकाएकी इटलीतल्या मोदेना गावच्या एका पाववाल्याची आठवण झाली. त्याचे नाव फेर्नांदो पावारोत्ती. गळा उत्तम, पण रंगमंचावर उभे राहायचे म्हटले की धीर सुटे. बिचाऱ्याने पाव भाजण्यातच आयुष्य काढले. बायको सिगारच्या कारखान्यात कामाला. त्यांचा मुलगा लुचानो १९३५ साली जन्मला, आणि ऑपेऱ्यात गाणार म्हणून बसला.

ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटकच म्हणा ना! मात्र तिथे ध्वनिक्षेपकाशिवाय, साऱ्या वाद्यवृंदाच्या वर, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. असा गळा वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाही. आईला वाटे, मुलाने आपले मास्तर व्हावे. अखेर घरात एक करार झाला. तिसाव्या वर्षापर्यंत जेवणखाण आणि निवारा घरचा. तोवर जमले नाही, तर मिळेल ते काम करून पोट भरायचे.

आर्रीगो पोला या गायकाने त्याला फी न घेता शिकवले. लुचानोने शाळेत मुले सांभाळली, विमे विकले. सहा वर्षांत कार्यक्रम मिळाले ते थोडेच, तेही लहान गावांतले आणि बिनपैशाचे. मध्येच स्वरतंतूंवर गाठ आली. फेर्राराचा कार्यक्रम इतका पडला, की त्याने गाणे सोडायचे ठरवले. पण पुढे गाठ विरली आणि आवाज उघडला. १९६१ साली एका स्पर्धेत तो पहिला आला, आणि रेज्जो एमिलियाच्या नाट्यगृहात 'ला बोहेम'मधल्या रोदोल्फोची भूमिका त्याला मिळाली. वय २५. कराराची साडेचार वर्षे अजून शिल्लक होती! २००७ साली तो वारला, तेव्हा त्याचे नाव जगभर झालेले होते.

स्नेही म्हणाले, "अहो, पण तो पावारोत्ती होता!"

"खरे आहे. पण हे त्याच्या बापाला तेव्हा कुठे ठाऊक होते?"

ते गप्प झाले. खरे सांगायचे तर मीही मनातून साशंक होतो. एका पावारोत्तीमागे न जमलेले कितीजण असतील! पण मला त्या करारातले मोल वाटते ते याचसाठी. नुसत्या 'नाही'ने पोर आयुष्यभर कुढते; नुसत्या 'हो'ने बाप कुढतो. मुदत ठरली, की यश आले नाही तरी कुणी कुणाचा अपराधी राहत नाही.

चहा झाला. जोडे घालता घालता स्नेह्यांनी लेकीकडे न बघताच विचारले,

"किती वर्षे म्हणतेस?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "पाच, बाबा."

"चार," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.