मुदत संपणं म्हणजे बिघाड नव्हे

मे महिन्याचा शेवटचा सोमवार. दाभोळच्या आमच्या घराच्या छपरावर दोन गडी कौलं परतत होते आणि मी खाली ओटीवर लॅपटॉप उघडून बसले होते. पावणेनऊला फोन वाजला. ज्या संस्थेचे सर्व्हर मी घरबसल्या सांभाळते (नाव सांगणार नाही, तुमचीच समजा), तिथे कोणालाच लॉगिन होत नव्हतं. हजेरी लागेना, मेल उघडेना, पगाराची बिलं पुढे सरकेनात. त्यात महिनाअखेर. फोनवरचे साहेब म्हणाले, "काहीतरी तांत्रिक बिघाड झालाय, मॅडम. बघा जरा."

बघितलं. डिस्क गेली नव्हती, वीज गेली नव्हती, कोणी हॅकर आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी जी तारीख लिहून ठेवली होती, बरोबर त्याच तारखेला, शनिवारी रात्री, सर्व्हरची सुरक्षा सर्टिफिकेटं संपली होती.

माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे. तांत्रिक बिघाड. बसचा टायर फुटतो तो बिघाड. पण जी गोष्ट अमुक दिवशी, अमुक मिनिटाला संपणार हे त्या गोष्टीवरच छापलेलं आहे, ती तशीच संपली तर बिघडलं काय? यंत्राने दिलेला शब्द पाळला. माणसांनी पाळला नाही.

दाखले देणाऱ्याचा दाखला

थोडं समजावून सांगते, कारण ‘हे आपल्याला कळणार नाही’ असं लोकांना वाटणं हीच या थापेची खरी ताकद आहे.

मोठ्या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं ठेवत नाहीत. एकच सर्व्हर सगळ्यांची वही सांभाळतो. हा कोण, याचा पासवर्ड खरा का, याला कुठल्या खोलीत शिरायची मुभा आहे, सगळं त्याला विचारायचं. आमच्याकडे त्यासाठी फ्री-आयपीए नावाची मुक्त प्रणाली आहे. पण सगळ्यांची ओळख पटवणाऱ्याची ओळख कोण पटवणार? त्यासाठी या सर्व्हरच्या पोटातच दाखले देणारं एक छोटं कार्यालय असतं. ते बाकीच्या यंत्रांना सर्टिफिकेटं देतं आणि स्वतःच्या भागांनाही देतं. मूळ सही वीस वर्षांची, पण रोजच्या कामातली बहुतेक सर्टिफिकेटं दोन वर्षांची.

आता गंमत बघा. नवीन सर्टिफिकेट देणारं हे कार्यालय स्वतःच त्या दोन वर्षांच्या सर्टिफिकेटांवर चालतं. ती संपली की कार्यालयच उघडत नाही आणि कार्यालय उघडत नाही म्हणून नवी मिळत नाहीत. किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं.

म्हणून आदल्या दिवशी जे काम आपोआप दोन मिनिटांत होतं, त्याला दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस लागतो. दोन्ही दिवसांत तंत्रज्ञान तेच असतं. फरक फक्त तारखेचा.

मुदत हवीच कशाला?

हा प्रश्न दरवेळी येतो. साहेबांनीही विचारला. "एकदाच वीस वर्षांचं करून टाका ना."

दाभोळच्या माणसाला याचं उत्तर बंदरातच सापडावं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर परवान्याची पद्धत आणली. तिला ते कार्ताझ म्हणायचे. जहाज कोणतं, कप्तान कोण, माणसं किती, शस्त्रं किती, जाणार कुठे, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असे. कागद नसेल तर समुद्रात जहाज जप्त. त्याच पोर्तुगीजांच्या फ्रान्सिस्को द आल्मेदाने १५०८च्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं होतं, त्यामुळे त्या कागदाबद्दल मला प्रेम असायचं कारण नाही. ती खंडणीच होती. पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. परवाना जहाजाला कायमचा चिकटवून द्यायचा नसतो. तो या कप्तानाला, या सफरीपुरता. पुढच्या सफरीला कप्तान बदलला असेल, जहाज विकलं गेलं असेल. पुन्हा या, पुन्हा दाखवा.

सर्टिफिकेटचंही तेच. ‘हे नाव आणि ही गुप्त किल्ली एकाच्याच मालकीची आहेत’ एवढंच ते सांगतं, आणि तेही दिलं त्या दिवशीच्या तपासणीवर. उद्या किल्ली चोरीला गेली, तर रद्द केल्याची बातमी प्रत्येक फोनपर्यंत वेळेवर पोचेलच असं नाही. मुदत मात्र कोणी न सांगता सगळीकडे एकाच वेळी पोचते. वीस वर्षांचं सर्टिफिकेट म्हणजे चोराला वीस वर्षांचा पास.

म्हणूनच सर्टिफिकेटं देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५मध्ये उलट दिशेचा ठराव केला. सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७ दिवस. आमच्यासारख्या ऑफिसच्या आतल्या सर्व्हरला हा नियम लागू नाही, पण इशारा आम्हालाही आहे. यावर आमच्या धंद्यातले कितीतरी लोक बोंबा मारत आहेत. मी त्यांच्या बाजूची नाही. दोन वर्षांतून एकदा करायचं काम कोणाच्या लक्षात राहत नाही. महिना-दीड महिन्याने करायचं काम अंगवळणी पडतं. पाणी रोज भरणाऱ्याला विहिरीचा दोर झिजलेला दिसतो.

मोठ्यांचं काय झालं

"लहान संस्था आहे हो आमची, माणसं कुठून आणणार?" असंही ऐकून घेतलं. मग मोठ्यांकडे बघू.

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या मोबाइलवरचं इंटरनेट दिवसभर गेलं. जपानमध्ये सॉफ्टबँकचं नेटवर्कही त्याच दिवशी पडलं. कारण एकच. दोघांनाही यंत्रणा पुरवणाऱ्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं होतं. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स काही तास बंद पडलं. कारण तेच. या कंपन्यांकडे माणसं नव्हती, पैसा नव्हता की अक्कल नव्हती?

सगळ्यात वाईट गोष्ट अमेरिकेच्या इक्विफॅक्सची. २०१७मध्ये चोर त्यांच्या यंत्रणेत ७६ दिवस फिरत होते आणि १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. आत-बाहेर जाणारी माहिती तपासणारं एक उपकरण होतं, पण अमेरिकी संसदेच्या समितीच्या अहवालानुसार त्याचं सर्टिफिकेट १९ महिन्यांपूर्वीच संपलेलं होतं. त्यामुळे ते आंधळं होऊन बसलं होतं. २९ जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. लक्षात घ्या, तिथे काहीच बंद पडलं नव्हतं. सगळं ‘सुरळीत’ होतं. आमचं दार बंद झालं म्हणून निदान फोन तरी आला.

नूतनीकरणाचा मालक

आता आमच्याकडे नेमकं काय झालं ते.

फ्री-आयपीएमध्ये सर्टिफिकेटं आपोआप नवी करणारा सर्टमाँगर नावाचा एक राखणदार असतो. मुदत संपायच्या चार आठवडे आधीपासून तो कामाला लागतो. संस्थेत असे तीन सर्व्हर होते. तिघांपैकी फक्त एकावर नूतनीकरणाची जबाबदारी असते. तो नवी सर्टिफिकेटं करणार, बाकीचे दोघे त्याच्याकडून घेणार. वर्षभरापूर्वी त्यातलं एक जुनं यंत्र बंद करण्यात आलं. नेमकं तेच जबाबदारीचं होतं. पद दुसऱ्याकडे न सोपवता नुसतं बटण दाबलं गेलं. उरलेले दोघे चार आठवडे मेलेल्या मुकादमाची वाट बघत बसले. त्यांच्या नोंदीत त्या सगळ्या दिवसांत कसली स्थिती दिसत होती माहीत आहे? ‘काम चालू आहे.’ रस्त्यावरच्या पाटीसारखी.

‘बंद करण्यात आलं’, ‘बटण दाबलं गेलं’ अशी वाक्यं मी आत्ताच लिहिली. कर्ता गायब. हीच ती भाषा. नीट लिहिते. ते यंत्र मी बंद केलं. जबाबदारी दुसरीकडे हलवायची राहिली, ती माझ्याकडून. सर्व्हरचे इशारे माझ्या मेलबॉक्समध्ये येत होते आणि रोज पन्नास येतात म्हणून मी ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवून दिले होते. तो फोल्डर मी तीन महिने उघडला नव्हता.

संस्थेत कंत्राटावर एक मुलगा होता. मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपलं. जाताना त्याने एका कागदावर लिहून दिलं होतं की मेमध्ये सर्टिफिकेटं बघायला हवीत. तो कागद फाइलला लागला, फाइल कपाटात गेली. सोमवारी दुपारी अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला. त्यात दोन वाक्यं होती. तांत्रिक बिघाडामुळे सेवा खंडित झाली. पूर्वीच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने योग्य हस्तांतर केलं नव्हतं. खाली माझ्या सहीसाठी जागा.

ज्याने एकट्याने ती तारीख ओळखली होती, तोच दोषी. पुढच्या नोकरीच्या वेळी त्याच्याबद्दल इथे विचारणा झाली असती तर हेच वाक्य पुढे आलं असतं. मी सही केली नाही. माझ्या नावाने दुसरा अहवाल लिहून पाठवला आणि त्याच्या कागदाची प्रत सोबत जोडली. यात शौर्य काही नाही. यापूर्वी असे दोन अहवाल मी मुकाट्याने सह्या करून दिलेले आहेत.

घड्याळ मागे फिरवणारे शूरवीर

दुरुस्ती कशी केली? घड्याळ मागे फिरवून. अक्षरशः. सर्व्हरची वेळ जुळवणारी सेवा थांबवायची, तारीख मुदत संपण्याच्या आधीची करायची, सेवा पुन्हा सुरू करायच्या. सर्व्हरला वाटतं अजून आपण वैध आहोत. मग जबाबदारी या यंत्राकडे द्यायची, सर्टिफिकेटं नवी करून घ्यायची आणि घड्याळ पुन्हा आजवर आणायचं. नव्या आवृत्त्यांमध्ये यासाठी वेगळी आज्ञा आहे, घड्याळाला हात लावावा लागत नाही. आमची आवृत्ती जुनी होती.

मधल्या काळात कोणालाही आत येता येत नाही, कारण लॉगिनची व्यवस्था दोन घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. आणि त्या वेळातल्या सगळ्या नोंदींवर खोट्या तारखा पडतात. मागची तारीख टाकून काम निभावणं आपल्या कार्यालयांना नवं नाही, पण इथे ते खुद्द ओळख पटवणाऱ्या यंत्राला करायला लावलं.

संध्याकाळी सगळं सुरू झाल्यावर ग्रुपवर हात जोडलेले आणि टाळ्यांचे इमोजी आले. ‘मॅडमनी वाचवलं.’ दोन वर्षं वेळेवर काम करणाऱ्याला कधी टाळ्या मिळतात का? आपण आग विझवणाऱ्याचा सत्कार करतो, म्हणून आग लागू न देणं कोणाचंच काम राहत नाही.

आणि हो, दिवसभरात एका विभागाने लोकांना काय सांगितलं? "लाल पान आलं तर खाली ‘प्रगत’ दाबा आणि पुढे जा." हे मात्र गुन्ह्याच्या जवळ जातं. त्या लाल पानाचा अर्थ एवढाच असतो की समोरचा तोच आहे याची खात्री देता येत नाही. आज तुम्ही लोकांना ते ओलांडायला शिकवलंत, उद्या खोट्या बँकेच्या पानावरही ते तसंच ओलांडतील.

मग करायचं काय

‘सगळं ऑटोमेट करा’ हे अर्धंच उत्तर आहे. आमचं ऑटोमेटच होतं. राखणदारावर कोणी लक्ष ठेवायचं हे ठरलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेटपुढे एका माणसाचं नाव हवं, पदाचं नाही. तो रजेवर असेल तर दुसरं नाव. दोन महिने आधीची तारीख दोघांच्या फोनमध्ये. आणि तपासणी सर्व्हरच्या आतून नको, बाहेरून हवी, लॉगिन करणाऱ्याला दिसतं तिथून.

तुम्ही वाचणारे बरेच जण अशाच ऑफिसांत नोकरीला लागाल किंवा लागलाही असाल. पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की एक प्रश्न विचारा. बिघडलं की मुदत संपली? मुदत संपली असेल तर पुढचा प्रश्न, ती तारीख कोणाच्या वहीत होती? उत्तर देताना लोक कसे चाचरतात ते बघा.

त्या सोमवारी संध्याकाळी गडी खाली उतरले. मी विचारलं, फुटकं कौल सापडतं कसं? त्यातला म्हातारा म्हणाला, "वरून नाय गावत, ताई. माळ्यावर अंधारात बसायचा नि वर बघायचा. उजेड दिसला की समजायचा."

मृगाला दहा-बारा दिवस होते. पाऊस नेमका कोणत्या दिवशी येईल हे इथे कोणालाच सांगता येत नाही, तरी मेअखेर घरं शाकारलेली असतात आणि होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. सर्टिफिकेटच्या पावसाचा तर दिवस, तास आणि मिनिट छापलेलं असतं. तरीही आम्ही भिजलो. याला बिघाड म्हणायची माझी तयारी नाही.